इंजिन बसलं, वॉरंटी नाकारली: आता काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

माझ्या गाडीचं इंजिन बसलं तेव्हा गाडी दोन वर्षं आठ महिन्यांची होती, ४१,००० किलोमीटर चाललेली. वॉरंटी तीन वर्षांची. आधी खालून ठक-ठक आवाज, मग ऑइलचा लाल दिवा, आणि गाडी कडेला घेईपर्यंत इंजिन बंद. चौथ्या दिवशी सर्व्हिस सेंटरचा फोन आला, "क्लेम रिजेक्ट झालाय. तुम्ही ऑइल वेळेवर बदललेलं नाही."

त्यात तथ्य होतं, हीच पंचाईत. एक सर्व्हिस मी खरोखरच १,८०० किलोमीटर उशिरा केली होती. चूक आपलीच म्हणून मी दोन दिवस गप्प बसलो. मग ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिकने एकच प्रश्न विचारला, "उशीर झाला हे कबूल. पण त्या उशिरानेच इंजिन गेलं, हे कोणी पाहिलं?" कोणीच पाहिलं नव्हतं. इंजिन अजून खोललंही नव्हतं.

पुढचे साडेतीन महिने मी याच प्रश्नाच्या मागे होतो. वाटेत काही चुकाही केल्या. तुमच्यावर ही वेळ आली असेल तर खालचा क्रम शक्यतो मोडू नका.

१. नकार कागदावर घ्या

फोनवरच्या नकाराला उत्तर देता येत नाही, कारण तो रोज बदलतो. मला सोमवारी "ऑइल उशिरा" सांगितलं, गुरुवारी "ऑइल कमी होतं" आणि पुढच्या आठवड्यात "इंजिनात गाळ आहे". ही तीन वेगळी कारणं आहेत आणि तिन्हींचे पुरावेही वेगळे.

म्हणून त्याच दिवशी ईमेल करा आणि चार गोष्टी लेखी मागा: क्लेम कोणत्या तारखेला आणि कोणी नाकारला (डीलरने की कंपनीने), वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली, नेमका कोणता भाग निकामी झाला, आणि तो कशामुळे निकामी झाला असं त्यांचं म्हणणं आहे. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पुष्कळदा त्याचं उत्तरच येत नाही, आणि उत्तर न येणं हाही पुढे तुमच्या बाजूचा कागद ठरतो.

पहिला प्रश्नही वाटतो तितका साधा नाही. काही वेळा डीलरने कंपनीकडे क्लेम पाठवलेलाच नसतो. सर्व्हिस ॲडव्हायझर आपल्या अनुभवावरून "हे बसणार नाही" म्हणतो आणि आपण ते कंपनीचं उत्तर समजतो. क्लेम नंबर मागितला की हे लगेच उघड होतं.

२. तुमच्याशिवाय इंजिन खोलू देऊ नका

"खोलल्याशिवाय कळणार नाही, इथे सही करा." हा कागद नीट वाचा. त्यात बहुधा दोन गोष्टी असतात: क्लेम नाकारला तर खोलाखोलीची मजुरी तुमची, आणि खोलण्याला तुमची संमती. खोलावं तर लागणारच आहे, पण तुमच्या अटींवर. सहीच्या वर हाताने लिहा: "माझ्या किंवा माझ्या तज्ज्ञाच्या उपस्थितीतच इंजिन खोलावे. काढलेला कोणताही भाग, ऑइल व फिल्टर टाकून देऊ नये." त्या कागदाचा फोटो काढा.

खोलण्याआधी करून घ्यायची कामं:

- डिपस्टिकवरची ऑइलची पातळी, फोटोसह. ती जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या नोंदीच्या कागदावर) लिहून घ्या.
- ओडोमीटरचा फोटो.
- ऑइलचा नमुना दोन स्वच्छ बाटल्यांत, दोन्ही सीलबंद, दोघांच्या सह्या. एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे.
- कूलंटची पातळी आणि रंग.
- इंजिनाच्या कंट्रोल युनिटमधले (इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकातले) एरर कोड आणि त्यांच्यासोबतचा 'फ्रीझ फ्रेम' डेटा, छापील किंवा पीडीएफ.

हा शेवटचा मुद्दा नवख्या माणसाला माहीत नसतो. एरर कोड पडतो त्या क्षणी गाडीचा वेग किती, इंजिनाचे फेरे किती, कूलंटचं तापमान किती, हे सगळं कंट्रोल युनिट टिपून ठेवतं. आणि मेकॅनिकने सवयीने कोड 'क्लिअर' केले की तो फ्रीझ फ्रेमही पुसला जातो. गाडी टो करून आणल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच हे घडू शकतं. म्हणून गाडी सोपवतानाच सांगा, आणि जॉब कार्डवर लिहून घ्या, की कोड वाचा पण पुसू नका. पी ०५२४ म्हणजे ऑइलचा दाब फार कमी, पी ०२१७ म्हणजे इंजिन जास्त तापलं, पी ००१६ म्हणजे क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) यांचा मेळ सुटला. यातलं आधी काय आलं, त्यावर पुष्कळदा कोडं सुटतं.

माझी चूक इथेच झाली. मी ऑइलचा नमुना घेतला, पण फिल्टर विसरलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर तो भंगारात गेलेला. फिल्टर कापून त्याचा कागद उलगडला की धातूची चमक दिसते. बिघाडाचा एवढा थेट आणि स्वस्त पुरावा दुसरा नाही.

३. तुमची वॉरंटी नेमकी कोणती आहे ते पाहा

कंपनीची मूळ वॉरंटी, पैसे देऊन वाढवलेली वॉरंटी आणि जुनी गाडी घेताना मिळालेला सर्व्हिस करार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी आणि तिसरी पुष्कळदा कंपनीची नसतेच. मागे एखादी विमा किंवा वॉरंटी विकणारी संस्था असते आणि तिच्या अटी कडक असतात. तक्रार कोणाकडे करायची हे यावरच ठरतं.

पुस्तिकेत तीन जागा शोधा: काय कव्हर आहे, काय नाही, आणि मालकाची जबाबदारी काय. "१०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी होईल ते" यातल्या "जे आधी" वर भले भले घसरतात. गाडी कमी चालते म्हणून सर्व्हिस दीड वर्षाने करणाऱ्याचाही क्लेम अडतो. शिवाय ओनर्स मॅन्युअल पाहा. दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइलची पातळी तपासणं हे बहुतेक कंपन्या मालकाचं काम मानतात, आणि काही इंजिनांनी थोडं ऑइल खाणं त्यांना मान्यही असतं.

४. त्यांचं कारण आणि तुमचा बिघाड जुळतो का?

सगळा दावा इथे उभा राहतो किंवा पडतो, म्हणून इथे घाई नको. नकाराची कारणं मोजकीच असतात आणि प्रत्येक कारणाने इंजिनात आपला असा ठसा उमटतो. तो ठसा खरंच आहे का, एवढंच तपासायचं.

"ऑइलकडे दुर्लक्ष." ऑइल खराब झालं किंवा उरलंच नाही, तर त्याचा त्रास साधारणपणे सगळ्या इंजिनाला होतो. व्हॉल्व्ह कव्हरखाली डांबरासारखा काळा गाळ, कॅमशाफ्टवर ओरखडे, एकूण एक बेअरिंगवर (फिरत्या दांड्यांना आधार देणाऱ्या कड्यांवर) झीज, टर्बो असेल तर त्याच्या शाफ्टलाही खेळ. पण एकच बेअरिंग जळून निळं-काळं पडलं असेल आणि बाकीची स्वच्छ असतील, तर शंका त्या एका जागेवर जाते: ऑइलची वाट अडली, बेअरिंग नीट बसवलं नव्हतं, क्रँकशाफ्टच्या कामात खोट राहिली. माझ्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरचं बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टला जोडतो तिथलं) गेलं होतं, बाकी तीन जवळजवळ नव्यासारखी. ऑइल पंपाची जाळी स्वच्छ, व्हॉल्व्ह कव्हरखाली गाळाचा पत्ता नाही. १,८०० किलोमीटरचा उशीर एकाच बेअरिंगला निवडून कसा मारेल, या प्रश्नाला त्यांच्याकडे शेवटपर्यंत उत्तर नव्हतं.

गाळ असला तरी खेळ संपला असं नाही. तो गाळ कसला आहे ते विचारा. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट (क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट जोडणारा पट्टा) ऑइलमध्येच बुडून चालतो. तो झिजला की त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, दाब पडतो आणि वरवर सगळं मालकाच्या हलगर्जीपणासारखं दिसतं. स्टेलांटिसच्या (प्युजो, सिट्रोएन बनवणाऱ्या कंपनीच्या) १.२ लिटर प्युअरटेक इंजिनात बेल्टचा हाच त्रास होता. २०२४ मध्ये कंपनीने युरोपात त्यासाठी वॉरंटी १० वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत वाढवली. त्याआधीची उदाहरणं ह्युंदाईची थीटा-२ इंजिनं. क्रँकशाफ्टच्या कामातून उरलेले धातूचे कण ऑइलच्या वाटेत अडकून बेअरिंगं जायची. २०१५ मध्ये अमेरिकेत रिकॉल सुरू झाला आणि २०१७ मध्ये वाढवावा लागला. म्हणून आपल्या गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) घेऊन देशाच्या वाहन-सुरक्षा खात्याच्या आणि कंपनीच्या साइटवर रिकॉल तपासा. तुमच्या इंजिनाच्या कोडवर आधीच काही निघालं असेल, तर निम्मं काम झालं.

"बाहेरच्या गॅरेजमध्ये सर्व्हिस केली." हे कारण आत्मविश्वासाने फेकलं जातं, पण पुष्कळ देशांत नुसतं एवढं पुरत नाही. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार, ठरावीक ब्रँडचे भाग किंवा ठरावीक ठिकाणचीच सर्व्हिस अशी अट साधारणपणे घालता येत नाही. बाहेरच्या कामाने किंवा भागाने बिघाड झाला, हे कंपनीने दाखवायचं असतं. युरोपीय संघाच्या स्पर्धा-नियमांचाही रोख तोच. तुमच्या बाजूने मात्र बिल हवं, आणि बिलावर ऑइलचा ग्रेड हवा. नुसतं "ऑइल बदलले" असं लिहिलेली चिठ्ठी उपयोगाची नाही. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० सांगितलं असेल तर बिलावर तेच आणि त्याचं स्पेसिफिकेशन दिसलं पाहिजे.

"इंजिन जास्त तापवलं." आधी काय झालं ते पाहा. वॉटर पंप, थर्मोस्टॅट किंवा नळी फुटल्याने कूलंट गेलं असेल, तर ते भागही बहुधा वॉरंटीतलेच. पण लाल दिवा लागल्यावरही तुम्ही गाडी दामटली असेल, तर ते कंट्रोल युनिटमध्ये दिसू शकतं. तिथे बाजू लंगडीच राहणार, हे मनाशी धरून चला.

"पाणी शिरलं." पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. रॉड सरळ असेल, एअर फिल्टर कोरडा असेल आणि इनटेकमध्ये पाण्याची खूण नसेल, तर हा आरोप टिकवणं त्यांना जड जातं. खरंच पाणी शिरलं असेल तर वॉरंटीचा नाद सोडा, विम्याची पॉलिसी काढा.

"इंजिन मर्यादेबाहेर पळवलं." ॲक्सिलरेटर दाबून हे सहसा होत नाही, कारण ठरावीक फेऱ्यांनंतर लिमिटर इंधन तोडतो. मॅन्युअल गाडीत भरधाव वेगात चुकून खालचा गिअर पडला तर होतं. कंट्रोल युनिटमधली सर्वाधिक फेऱ्यांची नोंद मागा. ऑटोमॅटिक गाडीवर हा आरोप आला तर नोंद नक्कीच मागा, कारण तिथे असला गिअर गाडी स्वतःच नाकारते.

"गाडीत बदल केले." सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम यांचा बेअरिंगशी संबंध नाही, तसं एका ओळीत लिहा आणि पुढे चला. रीमॅपिंग (ताकद वाढवायला कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर बदलणं) केलं असेल तर मात्र पुन्हा मूळ सॉफ्टवेअर टाकून लपवण्याच्या फंदात पडू नका. पुष्कळ कंट्रोल युनिटांत सॉफ्टवेअर किती वेळा बदललं याची मोजणी राहते, आणि ते सापडलं की तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

५. स्वतंत्र तज्ज्ञ आणा

शेजारचा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी त्याच्या तोंडी मताला वजन नाही. वाहन-तपासणीचा परवाना असलेला सर्व्हेअर, ऑटोमोबाईल इंजिनिअर किंवा इंजिन रीबिल्डर शोधा. त्याचा त्या डीलरशी धंद्याचा संबंध नसावा. अहवालात चार गोष्टी हव्यात: काय पाहिलं (फोटोंसह), कोणता भाग आधी गेला, कोणते भाग त्याच्यामुळे नंतर गेले, आणि कंपनी सांगते त्या कारणाशी हे जुळतं का. शेवटचा मुद्दा त्याला आवर्जून लिहायला लावा. तज्ज्ञ बिघाडाचं सुंदर वर्णन करतात आणि नकाराच्या कारणावर एक ओळही लिहीत नाहीत.

ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्या. चिकटपणा, इंधन किंवा कूलंट मिसळलंय का, लोखंड, तांबं, शिसं, ॲल्युमिनियम किती, हे कळतं. सिलिकॉन जास्त असेल तर एअर फिल्टरमधून धूळ गेल्याची शंका येते. माझ्या नमुन्यात बेअरिंगचा धातू भरपूर होता, पण ऑइलचा चिकटपणा ठीक होता. "ऑइल जुनं होऊन निकामी झालं" या म्हणण्याला त्या एका पानाने धक्का दिला.

खर्च होतो, नाही असं नाही. पावत्या ठेवा, त्या मागणीत घालता येतात. आणि तज्ज्ञ तुमच्याविरुद्ध बोलला तर तिथेच थांबा. पुढच्या पायऱ्यांवरचा वेळ आणि पैसा तरी वाचेल.

६. फाईल बांधा

- गाडीचं बिल, नोंदणीचं कागदपत्र, वॉरंटी पुस्तिका किंवा करार
- सर्व सर्व्हिसची बिलं, तारीख आणि किलोमीटरसह
- टो केल्याची पावती, जॉब कार्ड, तुम्ही सही केलेला प्रत्येक कागद
- लेखी नकार आणि सगळे ईमेल
- एरर कोडचा अहवाल, फोटो, प्रयोगशाळेचा आणि तज्ज्ञाचा अहवाल
- पर्यायी प्रवासाच्या पावत्या
- फोनची वही: तारीख, वेळ, कोण बोललं, काय बोललं

एखादं सर्व्हिस बिल हरवलं असेल तर घाबरू नका. डीलरच्या संगणकात नोंद असते, गॅरेजकडे बिलाची प्रत असते, कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेच्या उताऱ्यात तारीख असते.

७. कंपनीला पत्र, डीलरला नाही

डीलरला फक्त प्रत. मूळ पत्र कंपनीच्या ग्राहक-तक्रार विभागाला, पोच मिळेल अशा पद्धतीने. दोन पानांच्या आत. मनस्ताप, घरातली अडचण, "मी तुमचा जुना ग्राहक" हे सगळं काढून टाका. माझा पहिला मसुदा सहा पानांचा होता आणि त्यात बेअरिंग हा शब्द एकदाच आला होता! नंतर गाभा एवढाच ठेवला:

"आपण दिनांक अमुकच्या ईमेलमध्ये क्लेम नाकारण्याचे कारण 'ऑइल बदलण्यास उशीर' असे दिले आहे. एक सर्व्हिस १,८०० किमी उशिरा झाली, हे मला मान्य आहे. सोबतच्या अहवालानुसार बिघाड फक्त तिसऱ्या सिलिंडरच्या बिग एंड बेअरिंगमध्ये असून उर्वरित बेअरिंग, कॅमशाफ्ट व ऑइलची जाळी सुस्थितीत आहेत. सदर उशिरामुळे हा बिघाड झाला, याचा तांत्रिक आधार कृपया लेखी द्यावा. तो नसल्यास वॉरंटीअंतर्गत इंजिन दुरुस्त किंवा बदलून द्यावे. १५ दिवसांत उत्तर अपेक्षित आहे."

उशीर मी स्वतःच कबूल केला, यावर घरात वाद झाला. माझं मत अजूनही तेच आहे. तो त्यांच्या हातातला एकमेव पत्ता होता आणि मी तो आधीच टेबलावर ठेवला.

यानंतर बहुधा "गुडविल"चा फोन येतो: भाग आमचे, मजुरी तुमची, किंवा निम्मं-निम्मं. घ्यायचं की नाही हा तुमचा हिशेब. पण त्यासोबत येणाऱ्या कागदावर "सर्व हक्क सोडत आहे" किंवा "पूर्ण व अंतिम तडजोड" असं असेल, तर सही झाल्यावर मागे फिरणं जवळजवळ अशक्य. आणखी एक सापळा पार्किंगचा. गाडी वर्कशॉपमध्ये पडून आहे म्हणून रोजचं भाडं लावू लागले, तर लगेच लेखी हरकत घ्या की वाद कंपनीकडे प्रलंबित असल्याने गाडी इथे आहे. आणि कंटाळून दुसरीकडे इंजिन बांधून घेणार असाल, तर जुने भाग खोक्यात भरून, सील करून घरी आणा. ते गेले की तुमचा पुरावा गेला.

८. तरीही नाही म्हणाले तर

वॉरंटी ही कंपनीची कबुली. तिच्या शेजारी बहुतेक देशांत कायद्याने दिलेलं वेगळं संरक्षण असतं, आणि ते पुष्कळदा विक्रेत्याविरुद्ध असतं. युरोपीय संघात विक्रेत्याची जबाबदारी किमान दोन वर्षं, आणि पहिल्या वर्षात दोष दिसला तर तो मुळापासून होता असं गृहीत धरतात. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात हे गृहीतक पहिल्या सहा महिन्यांपुरतं आहे. ऑस्ट्रेलियात ग्राहक कायद्याची हमी कंपनीची वॉरंटी संपल्यावरही चालू राहू शकते. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून पाहा, काही कंपन्या तिथेच हलतात.

मुदतीवर नजर ठेवा. "वरिष्ठांकडे पाठवलंय" असे ईमेल महिनोन्महिने येतात आणि मुदत थांबत नाही. वकील लागतोच असं नाही, पण एकदा फाईल दाखवून घ्यायला हरकत नाही. विक्रेता आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतात.

माझं प्रकरण आयोगापर्यंत गेलं नाही. पत्रानंतर कंपनीचा इंजिनिअर आला, बेअरिंगं ओळीने मांडून त्याने बराच वेळ पाहिली, आणि तीन आठवड्यांनी नवं शॉर्ट ब्लॉक (क्रँकशाफ्ट आणि पिस्टनसह इंजिनाचा खालचा भाग) मंजूर झालं. मजुरीचा काही भाग मी भरला.

९. इंजिन मिळाल्यावर

गाडी ताब्यात घेण्याआधी नव्या इंजिनाची किंवा ब्लॉकची वॉरंटी किती, हे लेखी घ्या. बदललेल्या भागांची यादी बिलावर हवी, जरी रक्कम शून्य असली तरी. ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो. जिथे तो नोंदणीच्या कागदावर असतो, तिथे डीलरकडून पत्र घेऊन नोंद दुरुस्त करून घ्या, नाहीतर गाडी विकताना किंवा विम्याच्या क्लेममध्ये नंबर जुळणार नाही. पहिल्या हजार किलोमीटरनंतरचं ऑइल मी आता स्वतः उभं राहून बदलून घेतो, आणि जुना फिल्टर कापून बघतो.